अंगठा कांडाचं दुसरं बारसं

या आठवणीत मी कोणाचंच नाव घेणार नाही. गावाचंही नाही. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे, कारण तिथल्या बाजारात मला अजून भाजी घ्यायची असते. आणि तसंही ही सगळी भानगड नावावरूनच पेटली होती.

माझे बाबा भाजी पिकवायचे आणि माय ती विकायची. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, पालक, चवळीच्या शेंगा आणि सांभार. सांभाराला कोणी कोथिंबीर म्हटलं की माय ओळखायची, गिऱ्हाईक बदली होऊन आलेलं आहे. अशा गिऱ्हाइकाला ती दोन काड्या जास्त द्यायची, बिचारं घर सोडून आलं म्हणून. ती रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसायची. ट्रक गेला की सगळ्या पालकावर धूळ, की पुन्हा पाणी शिंपडायचं, असं दिवसभर.

मी सहावीत असताना तिला सही शिकवली. तेव्हा गावोगाव प्रौढांना साक्षर करायचे वर्ग चालायचे, पण माय काही वर्गाला जायची नाही. "तिथं चुकलं तं साऱ्या वस्तीले मालूम होते. तुझ्यापाशी चुकलं तं तुलेच," असं तिचं म्हणणं. मग माझ्या पाटीवर आमची शिकवणी सुरू झाली. मी मास्तरीण म्हणून फार खडूस होते. ती मात्र शांतपणे तेच अक्षर दहादा गिरवायची. फक्त एका बाबतीत तिनं माझं ऐकलं नाही. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही तिन्ही अक्षर-अक्षर मांडून झाली की ती डावीकडून उजवीकडे तिन्हींवर मिळून एकच रेघ ओढायची. मी म्हणायचे, शब्द वेगळे आहेत, रेघ तोडायची असते. ती म्हणायची, "एकाच घरातले माणसं होय ना व? मंग छप्पर कायले अलग अलग?"

मी दहावीत गेले त्या वर्षी पालिकेनं बाजारात सिमेंटचे ओटे बांधले. वर पत्रे, पाण्याला उतार, आणि खाली टोपल्या ठेवायला जागा. रस्त्यावर बसणाऱ्या बायकांना एकेक ओटा मिळणार होता. मायनं अर्ज केला, त्यावर सही केली, तिचं नाव यादीतही लागलं. मग बरेच दिवस काहीच झालं नाही, आणि एका सकाळी बघतो तर ओट्यांवर भलतेच लोक दुकानं मांडून बसलेले. कोणी अध्यक्षांचा मेहुणा, कोणी सभापतीचा भाचा. एकानं तर बाटल्या आणि बादल्या मांडल्या होत्या.

माय मला घेऊन पालिकेत गेली. बाबूनं रजिस्टर उघडून दाखवलं. तिनं आपला ओटा स्वखुशीनं सोडला असं तिथे लिहिलेलं होतं आणि खाली निळा अंगठा होता.

"अंगठा देल्ला ना बाई तुम्ही," बाबू म्हणाला.

"मी अंगठा देतच नाई," माय म्हणाली. "मी सही करतो."

विदर्भातल्या बाया 'करतो' म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. बाबूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू वांग्यानं बोलायला सुरुवात केली आहे. मी रजिस्टरवर वाकून वरखाली पाहिलं. रस्त्यावर मायच्या शेजारी बसणाऱ्या सगळ्या बायकांची नावं त्या पानांवर होती, प्रत्येकीनं स्वखुशीनं ओटा सोडला होता, आणि प्रत्येकीच्या नावापुढे तोच एक अंगठा होता. मोठा, पुरुषाचा, मधोमध आडवा कापल्याची खूण असलेला. पुढे कळलं, तो पालिकेतल्या एका शिपायाचा होता. लहानपणी कडबा कापताना त्याचा अंगठा कापला होता. त्याला सांगितलं तिथे त्यानं तो टेकवला. ज्यांनी सांगितलं त्यांच्या डोक्यात एकच हिशेब होता, भाजीवाल्या बाया म्हणजे अंगठेबहाद्दरच असणार. एखादी सही करत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी तक्रार लिहिली आणि मायनं खाली सही केली, लांब रेघेसकट. तिची तक्रार गेल्यावर बाकीच्या बायाही उठल्या. मोर्चा निघाला, चौकशी बसली, अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली. आणि नागपूरच्या एका पेपरवाल्याचा फोटोग्राफर आमच्या बाजारात आला.

इथे माझी चूक आहे, ती मी सांगून टाकते. त्या फोटोग्राफरनं मायला म्हटलं, अंगठ्याला शाई लावून कॅमेऱ्यापुढे धरा. माय बिचकली. ती माझ्याकडे पाहू लागली, कारण मी दहावीतली, मला जगातलं सगळं कळतं असा तिचा समज होता. मला वाटलं, आपला अंगठा त्या अंगठ्याशी जुळत नाही हे लोकांना दिसेल. मी म्हटलं, "दाखव ना व माय." तिनं दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माझी माय शाईचा अंगठा वर करून उभी, आणि वर जाड अक्षरात मथळा, 'अंगठा कांड'. खाली लिहिलं होतं की निरक्षर भाजीवाल्यांची फसवणूक झाली. ज्या एका गोष्टीमुळे चोरी पकडली गेली, तीच एक गोष्ट बातमीत नव्हती.

ते नाव गावाच्या तोंडी बसलं. आमच्याकडे 'कांड' हा शब्द तसाही हिंदीतून येऊन घरजावई झालेला आहे, दूध नासलं तरी कांड होते. माय अंगठेवाली बाई झाली. बँकेत गेली, की कर्मचारी न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवायचा. बचत गटात तेच, रेशनच्या कार्डाला तेच. ती पॅड मागे ढकलून म्हणायची, "पेन द्या." दर वेळी. चिडायची नाही, पण घरी येऊन हात मात्र उगाचच धुवायची. शाई लागलेली नसतानाही. मला ते बघवायचं नाही. अख्ख्या गावात तो फोटो कोणी काढायला लावला हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि तिनं त्यावरून मला एका शब्दानं कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं वाटलं असतं.

चौकशीनंतर ओटे खऱ्या बायांना परत मिळाले, हेही सांगायला हवं. मायला कोपऱ्यातला मिळाला, दोन्हीकडून गिऱ्हाईक येणारा. अजून आहे.

मी शिकले, ग्रंथपाल झाले आणि फिरून त्याच गावच्या वाचनालयात लागले. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तिथे एक कॉम्प्युटर आला. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, तेही लोडशेडिंगच्या वेळा चुकवून. इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश तयार होतो आहे आणि त्यात कोणीही लिहू शकतं, हे मला कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी चाचपडत आमच्याकडच्या गिरडच्या टेकडीबद्दल लिहिलं. मग वांग्यांवर लिहिलं, ते तर मी हक्कानं लिहिलं. अर्धा लेख लिहून व्हायचा आणि वीज जायची. मी वीजमंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. पण मला फार आनंद व्हायचा. आपल्या भागाबद्दल आपण लिहिलेलं कोणी परक्या देशात बसून वाचेल, हा विचारच मला दिवसभर पुरायचा.

एका दुपारी मला तिथे एक नवा लेख दिसला. शीर्षक होतं 'अंगठा कांड'. खाली तीनच ओळी, जुन्या बातमीवरून घेतलेल्या. 'निरक्षर भाजीविक्रेत्या महिलांचे अंगठे घेऊन' अशी सुरुवात. निरक्षर! आणि अंगठे घेतले तरी कुठे होते? माझं डोकं फिरलं. मी मजकूर खोडून नीट लिहिला, आणि शीर्षक बदलून 'बनावट अंगठा घोटाळा' केलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर शीर्षक पुन्हा जुनं.

बदलणारे एक जुने सदस्य होते. त्यांना मी मनातल्या मनात नियमवाले काका म्हणायचे. प्रत्येक लेखाला एक चर्चेचं पान असतं, तिथे त्यांनी अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं. घोटाळा म्हणायला कोर्टानं कोणाला दोषी ठरवलेलं नाही. कांड हा शब्द त्यांनाही पसंत नव्हता, मराठीत तो खुनाखालोखाल वाटतो म्हणाले. पण घटना ज्या नावानं ओळखली जाते तेच शीर्षक ठेवावं असा संकेत आहे. आणि शेवटी, चर्चेत मत मांडल्यावर कृपया सही करावी.

सही करा, मला सांगत होते. सही म्हणजे कीबोर्डवरच्या एकच्या डावीकडची कळ शिफ्टसकट चार वेळा दाबायची, की नागमोडी चार रेघा उमटतात आणि पान जतन केलं की त्यांच्या जागी आपलं सदस्यनाव येतं. मी दहा ओळींचं तिखट उत्तर लिहिलं आणि तेही सही न करता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपला या विषयाशी व्यक्तिगत संबंध आहे का?"

दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं की ज्या बाईचा फोटो छापला ती माझी माय आहे, तिला सही येते, मीच शिकवली आहे, आणि तो फोटोही माझ्यामुळेच निघाला. खाली चार नागमोडी रेघा दाबल्या. मला वाटलं, आता हे मला हाकलणार.

काकांचं उत्तर आलं, "प्रांजळपणाबद्दल आभार. मग तर शीर्षक आपण एकट्यानं ठरवू नये. पण दुसरं एखादं नाव तेव्हा छापून आलं असेल, तर तो पुरावा आणा. मी आपल्या बाजूनं बोलेन."

मी संध्याकाळी घरी गेले. माय ओट्यावरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मी तिला सगळं सांगितलं. इंटरनेट म्हणजे काय हे तिला माझ्यामुळे थोडंफार माहीत होतं. जगातल्या सगळ्या लोकांचं एक मोठं रजिस्टर, असं ती धरून चालायची.

"त्याच्यात माह्यं कांड काऊन लिहून राह्यले?" तिनं विचारलं.

"तुझं नाही व. गावातलं. नाव काय द्यावं यावर भांडण चालू आहे. मी म्हणते बनावट अंगठा म्हणा."

"अंगठा तं राह्यलाच ना त्याच्यात." तिनं पदरानं पाय पुसले. "मले सांग, चोरी कायची झाली होती?"

"ओट्यांची."

"मंग ओट्याचं नाव दे. ओटे आमचे होते. अंगठा तं त्याइचा होता."

इतकी वर्षं मी अंगठा खरा की खोटा यावर भांडत होते. हे मला सुचलं नव्हतं. ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन सुचलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

पण छापील पुरावा कुठून आणायचा? वाचनालयातले त्या काळचे पेपर केव्हाच रद्दीत गेले होते. मायलाच आठवलं. तेव्हा हिंगणघाटचा एक उंच माणूस आला होता, एका साप्ताहिकाचा संपादक. त्यानं फोटो मागितला नाही, तक्रारीची प्रत मागितली आणि आठ दिवसांनी इमानदारीनं परत आणून दिली. "त्याले सांभाराची जुडी देल्ली होती मी," माय म्हणाली. जुडी दिली म्हणजे माणूस तिला पटला होता.

रविवारी आम्ही दोघी एसटीनं हिंगणघाटला गेलो. साप्ताहिक बंद पडून किती तरी वर्षं झाली होती. विचारत विचारत गेलो तर तो उंच माणूस, आता वाकलेला, वह्या-पेनांचं दुकान चालवत होता. मायनं नमस्कार केला आणि म्हटलं, "वळखलं काय भाऊ?" त्यांनी चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लांब रेघवाली बाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वह्यांचे भाव वाचत उभी राहिले.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी आपल्या साप्ताहिकाचे सगळे अंक वर्षवार बांधून ठेवले होते, वर मेणकापड. अर्ध्या तासानं अंक सापडला. आतल्या पानावर मथळा होता, 'ओटेवाटप प्रकरण : भाजीविक्रेतीची सहीनिशी तक्रार'. आणि शेजारी, तळहाताएवढ्या जागेत, मायच्या सहीचं छायाचित्र. रेघ चौकटीच्या बाहेर गेलेली.

"छापखान्यातला कंपोझिटर म्हणे, रेघ कापू, कॉलमात बसून नाई राह्यली," ते सांगू लागले. "मी म्हटलं, सारी बातमी त्या रेघेतच आहे बाबू. दुसरं काही काप."

मायनं त्या सहीवरून चष्मा लावून नजर फिरवली. तोवर ती मथळे वाचायला शिकली होती. 'सहीनिशी' हा शब्द तिनं तोडून तोडून वाचला, मग पुन्हा सलग वाचला. "मले मालूमच नोतं का हे छापून आलं," ती म्हणाली. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा तिनं पिशवीतून सांभाराची जुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. घरून निघतानाच घेतली होती.

मी अंकाचा तपशील चर्चेच्या पानावर मांडला, वर्ष आणि पानासकट, आणि या वेळी सही केली. काकांनी चार दिवस बाकीच्यांची मतं मागवली. कोणी हरकत घेतली नाही. एकानं 'भाजी बाजार' जोडायला सांगितलं, ते योग्यच होतं. मग काकांनी लिहिलं की लेखाचं शीर्षक 'भाजी बाजार ओटेवाटप प्रकरण' करू, मात्र 'अंगठा कांड' हे नाव पुनर्निर्देशन म्हणून राहील, आणि आईंचं काही म्हणणं असेल तर तेही इथे जरूर नोंदवा.

पुनर्निर्देशन मायला समजावून सांगताना माझी पंचाईत झाली. मी म्हटलं, कोणी जुन्या नावानं शोधलं तरी तो नव्या नावाच्या पानावरच पोचतो. जुनं नाव पुसत नाहीत. मला वाटलं होतं, ती नाराज होईल.

"म्हणजे लग्न झालेल्या बाईसारखं," ती म्हणाली. "माहेरच्या नावानं पुकारलं तरी बाई सासरीच सापडते."

मग तिनं मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं तिचं नवं नाव त्यावर लिहिलं. सगळ्या बाया वाकून वाचत होत्या. तिला वाचता येत नव्हतं. आपलं नाव काय ठेवलं हे तिला दुसऱ्या बाईला विचारावं लागलं. जी सही मी तिला शिकवली, जिच्यासाठी ती गावाशी भांडली, ती त्या तांदळातल्या नावाची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार ओसरल्यावर, ती वाचनालयात आली. मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिला काकांना दोन शब्द सांगायचे होते. मी म्हटलं, माझ्या नावानं लिहू नकोस, आपण तुझं खातं काढू. इथे सदस्यनाव आपल्या मनानं घेता येतं.

"कोणतंबी?"

"कोणतंही."

तिनं माहेरचं नाव सांगितलं. मी तिची मुलगी, पण ते नाव मी मामांच्या तोंडून एकदोनदाच ऐकलं होतं. एकेका कळीवर बोट ठेवून तिनं ते स्वतः टाइप केलं, मी फक्त कळ दाखवली. मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, तिच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. "दादा, तुमी नाव बदललं, चांगलं केलं. आमचे ओटे मजबूत आहेत. कधी इकडे आले तं येजा, भाजी घेऊन जाजा."

"आता सही," मी म्हटलं आणि कळ दाखवली. तिनं शिफ्ट धरून चार वेळा दाबली. नागमोडी रेघा पाहून ती साशंक झाली. "हे तं सही नाई व." मी पान जतन केलं. फोनची तार जरा वेळ खरखरली, मग पान उघडलं आणि खाली तिचं माहेरचं नाव आलं, निळ्या अक्षरात.

ती पुढे वाकली. त्या नावावर तिनं काचेवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, सबंध, आणि नाव संपल्यावरही बोट थोडं पुढे नेलं. मॉनिटरवरच्या धुळीत रेघ उमटली. वाचनालयात कॉम्प्युटर पुसायचं काम माझंच होतं. पुढचे कितीतरी दिवस मी ते केलं नाही.